लोणा: बर्फाच्या कारखान्यातल्या क्लब-हॉटेलच्या साइट नोंदी

२० नोव्हेंबर २०२३

दिवाळी करून मजूर परतले, आज ताबा घेतला. गोव्यात, मांडवीच्या उत्तर काठावर, बार्देशात, पाण्यापासून साठेक मीटर आत. पुढे चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं), मंगळुरी कौलांचं बैठं ऑफिस. मागे ३४ मीटर लांब, १५ मीटर रुंद हॉल: भिंती चिऱ्याच्या, छपराच्या कैच्या लोखंडी, वर सिमेंटचे पत्रे. हॉलच्या कडेला आरसीसीचा दुमजली भाग, खाली कंप्रेसर, डोक्यावर पाण्याची टाकी. कारखाना बंद होऊन अकरा वर्षं झाली. का बंद पडला, याची गावात तीन उत्तरं मिळाली. विजेचं बिल. भावाभावांतला वाद. आणि २०१२ साली लोहखनिजाच्या खाणी थांबल्या तेव्हा मालकाचे खनिज वाहणाऱ्या बार्जमध्ये अडकलेले पैसे. बहुधा तिन्ही खरी असावीत.

करायचंय हॉटेल आणि मेंबरांचा क्लब. नवे मालक मुंबईचे. पहिल्याच मीटिंगला त्यांनी सोहो हाउसचे फोटो दाखवले. १९९५ साली लंडनच्या ग्रीक स्ट्रीटवर निक जोन्सनं काढलेला क्लब, आता जगभर पसरलाय, २०१८ पासून जुहूलाही आहे. शिकागोचं त्यांचं घर पट्टे बनवायच्या जुन्या कारखान्यात आहे. त्या फोटोतल्या विटा बघून मालक म्हणाले, "हे असं हवं." आमच्याकडे विटा नाहीत, चिरा आहे. चिरा पाणी पितो. हे मी तेव्हाच बोलायला हवं होतं, पण पहिल्या दिवशी नाही बोललो.

बाकी क्लब गोव्याला नवे नाहीत. पणजीचा क्लुब वास्को द गामा १९०९ चा आहे. आत कोण आणि पायरीवर कोण, हे तेव्हाही ठरलेलंच असायचं.

२७ नोव्हेंबर २०२३

दिवसभर नकाशे. भरतीचं पाणी चढणारी नदी असल्यानं २०११ च्या अधिसूचनेप्रमाणे काठापासून १०० मीटर सीआरझेडमध्ये (किनारपट्टी नियमन क्षेत्रात) येतात, म्हणजे आम्ही पुरते आत. कारखाना १९ फेब्रुवारी १९९१ च्या, म्हणजे पहिल्या अधिसूचनेच्या आधीचा आणि अधिकृत, म्हणून दुरुस्ती तरी करता येते. मुख्य अट: जोतं आणि चटई क्षेत्र होतं तेवढंच राहिलं पाहिजे.

मालकांच्या हिशेबात २२ खोल्या होत्या. हॉलमध्ये दोन मजले घालून. जुन्या मंजूर नकाशात हॉलच्या पूर्वेकडच्या अर्ध्या भागावर माळा दाखवलाय, तेवढाच माळा पुन्हा बांधता येईल. मोजून मोजून १४ खोल्या बसल्या. फोनवर बराच वेळ शांतता. मग मालक म्हणाले, "म्हणजे मेंबरशिप महाग करावी लागेल." इथं मला हा धंदा पहिल्यांदा नीट कळला. १४ खोल्यांवर एवढ्या मोठ्या जागेचा खर्च निघत नाही. खोली पावसात रिकामी राहते, मेंबराची वर्षाची फी मात्र आधीच जमा झालेली असते.

४ डिसेंबर २०२३

छपराचे पत्रे उतरवायला सुरुवात. ॲस्बेस्टॉसवाले आहेत. अशा पत्र्यांवर आपल्याकडे बंदी नाही, त्यामुळे मुकादमाला वाटत होतं की हातोड्यानं फोडून खाली टाकले की झालं. तसं नाही. फुटला की धागे हवेत जातात. आधी पाणी मारायचं, हुकाचा बोल्ट कापायचा, अख्खा पत्रा दोरीनं उतरवायचा, जाड प्लास्टिकमध्ये बांधायचा. दिवसाला चाळीसच होतात. मास्क घालायला पोरं तयार नाहीत, उकडतं म्हणतात. न घालणाऱ्याला कैचीवर चढू द्यायचं नाही असं ठरवलं. दोघे घरी गेले, दुपारी परत आले.

११ डिसेंबर २०२३

आजची नोंद सविस्तर लिहून ठेवतो.

कंप्रेसरच्या खोलीतले पाइप कापायचे होते. भंगारवाल्याचा माणूस गॅस कटर घेऊन आला. अकरा वर्षं बंद असलेल्या यंत्रात काय असणार, असं सगळ्यांना वाटलं, मलाही. तेवढ्यात दारातून हाक आली, "बाब, हांगा हात लावूं नाका!"

गावातलेच एक काका, वय ७४. या कारखान्यात ३१ वर्षं ऑपरेटर होते. रोज संध्याकाळी कुंपणाशी उभे राहून काम बघतात, आज आत आले. त्यांनी विचारलं, "रिसीव्हरची टाकी कोणी रिकामी केली? ऑइल ड्रेन कोणी उघडला?" कोणालाच माहीत नाही. काका घरी गेले आणि गंधकात बुडवलेली सुतळी घेऊन आले. अजून जपून ठेवलेली! ती पेटवून व्हॉल्व्हच्या गळ्याजवळ धरली, तर पांढरा दाट धूर. गंधकाचा धूर आणि अमोनिया, म्हणजे यंत्रातला थंडावा करणारा वायू, एकत्र आले की असा धूर होतो. गळती शोधायची ही त्यांची जुनी रीत. नाकाला वास फारसा नव्हता, पण तेलाखाली द्रव अडकून बसला होता आणि दाबही होता.

अमोनिया हवेत साधारण १५ ते २८ टक्के झाला तर पेट घेतो. वर कटरची ज्योत. खोलीला खिडकी एकच. पेटला नसता तरी डोळे आणि फुप्फुसं गेली असती. कटरवाला पोरगा विशीतला. त्याला चहा पाजून घरी पाठवलं.

काकांना विचारलं, उद्यापासून येणार का? म्हणाले, "पगार नको, खुर्ची द्या." पगार लावला, खुर्चीही दिली.

१५ डिसेंबर २०२३

परवा परवानाधारक माणसं आली. नळी लावून राहिलेला वायू पाण्याच्या पिंपांत सोडला. पाणी अमोनिया पटापट पिऊन टाकतं. पाच तास लागले. काका ओला पंचा तोंडावर बांधून दारात. मग दोन दिवस खोली उघडी ठेवली आणि पुन्हा सुतळी. धूर नाही.

कंप्रेसर मात्र ठेवायचा, हे डिझायनर बाईंनी ठरवलं आणि यात मी पूर्ण त्यांच्या बाजूनं आहे. दोन सिलिंडरचं बिडाचं धूड, माणसाच्या उंचीचं चाक. तो काढायचा तर भिंत पाडावी लागेल. बार त्याच्याभोवती करायचा.

८ जानेवारी २०२४

टाकी. हॉलच्या मध्यभागी जमिनीत उतरवलेली, ११ बाय ६ मीटर, खोली १.३. काका रोज थोडं थोडं सांगतात ते जुळवून लिहितो. टाकीत मिठाचं पाणी, उणे आठ-दहा अंशांवर. मीठ घातलं की पाणी शून्याला गोठत नाही. त्यात जस्ताचा मुलामा दिलेले उंच डबे गोड पाण्यानं भरून सोडायचे. प्रत्येक डब्यात बारीक नळीनं हवा सोडायची, पाणी हलत राहिलं की बर्फ काचेसारखा होतो. गोठण कडेकडून आत येते आणि गाळ मधे गोळा होतो. शेवटी मधलं पाणी काढून नवं भरायचं. ते नाही केलं तर लादीच्या पोटात पांढरा पट्टा राहतो, "आणि मालीमच्या मासेमारी जेटीवरचे ट्रॉलरवाले पांढऱ्या पोटाची लादी घेत नसत." एक चौकट उचलून कोमट पाण्यात बुडवायची, तिरकी करायची, लाद्या लाकडी फळ्यांवरून घसरत कोठीत. मीठ सुरुवातीला बार्देशातल्याच नेरूळच्या मिठागरातलं यायचं, होडीनं.

बाईंना टाकीचा स्विमिंग पूल करायचा होता. कल्पना झकास, पण तळाचा पत्रा जागोजागी पापडासारखा झालाय. टाकी कापून काढली. खाली डांबर लावलेल्या बुचाच्या लाद्या, त्याखाली भाताचं तूस, कुजून काळं पडलेलं. थंडी जमिनीत जाऊ नये म्हणून. वास असा की जेवण गेलं नाही.

पूल रद्द. आता खड्ड्यात उतरती बैठक करायची. पण पावसात इथं पाण्याची पातळी कुठवर चढते? काकांच्या म्हणण्याप्रमाणे श्रावणात टाकीच्या बाहेरून पाणी "खुळुखुळू" वाजायचं. म्हणून तळ उचलून ४५ सेंटिमीटर खोली ठेवली. बाई नाराज.

२८ जानेवारी २०२४

रविवार, ग्रामसभा. मालकांच्या वतीनं मी. क्लबला विरोध होईल अशी तयारी करून गेलो होतो, प्रश्न निघाला विहिरीचा. कारखान्याच्या आवारातली विहीर मे महिन्यात सगळी वस्ती वापरते. नकाशात तिच्यावर काचेचं झाकण आणि खाली दिवे. एक मावशी उभ्या राहिल्या: "दिवे लावा, पण कळशी कुठून बुडवायची ते सांगा."

उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि खोटं दिलं नाही. संध्याकाळी मालकांना फोन. विहिरीपर्यंत गल्लीतून वेगळं फाटक, त्या पट्ट्यात कुंपण आपल्या बाजूला दीड मीटर आत. तयार झाले, कारण पंचायतीचा दाखला हवा होता. कारण काहीही असो. दुसरा प्रश्न आवाजाचा. रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर नाही, हा तर कायदाच आहे. ते इतिवृत्तात लिहून दिलं.

१९ फेब्रुवारी २०२४

तपासण्यांचे निकाल आले. दुमजली भागाचे सहा कॉलम. फिनॉल्फ्थॅलीन (चांगलं काँक्रीट यानं गुलाबी होतं) मारलं तर बाहेरचं चार सेंटिमीटर काँक्रीट गुलाबी झालंच नाही, म्हणजे सळीचं संरक्षण संपलेलं. पण खरी बातमी मिठाची. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे सळीच्या काँक्रीटमध्ये क्लोराइड घनमीटरला ०.६ किलोच्या वर नको. आमच्या सहापैकी चार कॉलममध्ये ते पाचपटीच्या वर. टाकीचं खारं पाणी डब्यांबरोबर रोज जमिनीवर सांडायचं, जमिनीतून कॉलमात चढायचं. तीस-चाळीस वर्षं.

मी म्हटलं, फोडून, सळ्या घासून, मायक्रोकाँक्रीट भरू. पुण्याचे स्ट्रक्चरल कन्सल्टंट हसले. "तेवढा तुकडा चांगला होईल आणि त्याच्या कडेची सळी दुप्पट वेगानं गंजेल." नव्या आणि जुन्या काँक्रीटमधल्या सळीची आपसात बॅटरी तयार होते. असे ठिगळ लावलेले कॉलम मीही पाहिलेत, दोन पावसाळ्यांत ठिगळाभोवती गोल तडा. कारण आज कळलं.

६ मार्च २०२४

निर्णय: वरची टाकी उतरवायची, भार नव्या लोखंडी सांगाड्यावर घ्यायचा, जुने कॉलम नुसते उभे. माळाही त्याच पद्धतीनं, स्वतःच्या पायावर, चिऱ्याच्या भिंतीला न टेकता. भिंतीलगत हातानं खणलं तर जुना पाया जेमतेम ६० सेंटिमीटर खोल. यंत्र लावलं असतं तर भिंत अंगावर आली असती. खणायचं एकाआड एक, एक खड्डा भरल्याशिवाय शेजारचा उघडायचा नाही. वेळ वाढला, पैसे वाढले. मालकांना पत्र लिहिलं. पैशाची गोष्ट लिहून द्यायला मला फोनपेक्षा सोपं जातं.

२ एप्रिल २०२४

हॉलच्या भिंतींवर लोणा, म्हणजे आतून बाहेर येणारं मीठ. छपराखालची दमट हवा गेली, ऊन-वारा लागला आणि चिरा पांढरा व्हायला लागला. जमिनीपासून छातीपर्यंत. झाडला की चार दिवसांत परत. सिमेंटचा जुना गिलावा काढल्यावर तर जोरात, इतकी वर्षं तो झाकण होऊन बसला होता.

उपाय सावकाशीचा: कागदाचा लगदा आणि मऊ माती शुद्ध पाण्यात कालवून भिंतीवर बोटभर थापायची. वाळताना भिंतीतलं मीठ पाण्याबरोबर लगद्यात येतं. सुकून सुटला की फेकायचा, पुन्हा थापायचा. फेकण्याआधी चिमूटभर लगदा पाण्यात घालून मीटरनं विद्युतवाहकता बघायची, आकडा उतरतो तसं कळतं. वर्तमानपत्रांची रद्दी लागली ११ पोती. बायकांची एक तुकडी फक्त हेच करते. पहिल्या दोन फेऱ्यांत आकडा निम्म्यावर आला, तिसऱ्या फेरीत हललाच नाही.

८ मे २०२४

काल मतदान, साइट रिकामी. आजही निम्मी. माळ्याच्या बीम चढल्या.

२९ मे २०२४

मृगाआधी छप्पर बंद झालं. वर नवे पत्रे, मधे रॉकवूल, आतून फळ्या. रॉकवूल नसता तर पावसात मेंबरांना एकमेकांशी खुणेनं बोलावं लागलं असतं.

आज बाईंशी वाजलं. नव्या लोखंडी जिन्याला गंजासारखा दिसणारा रंग द्यायचाय, शिवाय "अमोनिया, धोका" अशी जुनाट पाटी रंगवून घ्यायची. मी म्हटलं, खरी पाटी गोदामात आहे, अर्धी अक्षरं गेलेली, ती लावा. त्या म्हणाल्या, ती वाचता येत नाही. बाईंचं बहुतेक काम मला पटतं. खिडक्यांच्या चौकटी त्यांनी वाचवल्या नसत्या तर मी ॲल्युमिनियम लावून मोकळा झालो असतो. पण खऱ्या गंजाशी सहा महिने झगडून झाल्यावर गंजाचा रंग विकत आणायचा, हे माझ्यानं होत नाही. जिना राखाडी करायचं ठरलं. पाटीचं अजून ठरायचंय.

भिंतींचाही निकाल लागला. चुन्याचं काम जाणणारा मिस्त्री सावंतवाडीकडचा. तीन आठवडे भिजवलेला चुना, त्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी. पश्चिमेची भिंत मात्र बाईंच्या आग्रहानं मायक्रोसिमेंटची, गुळगुळीत, फोटोतल्यासारखी. मी लेखी विरोध नोंदवला. दिसते मात्र सुंदर.

१८ जून २०२४

टेबलं घामेजली.

टाकीवरची जुनी लाकडी झाकणं रंधून नऊ टेबलं केली होती, वर पॉलिश. आज सकाळी प्रत्येकावर पाण्याचे थेंब. वर गळती नाही, कोणी पुसलंही नाही. मी छप्पर तपासत बसलो. काकांनी टेबलावर बोट फिरवून जिभेला लावलं. "खारट." त्या लाकडानं आयुष्यभर मीठ प्यायलंय. हवेतली आर्द्रता पंचाहत्तरच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळतं, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत ती त्याखाली येतेच कधी? स्वयंपाकघरातली मिठाची बरणी बघून हे घरी बायकोनं एका वाक्यात सांगितलं असतं.

टेबलं बाद. बाईंनी ती भिंतीवर उभी टांगायचं सुचवलं, खाली पन्हळ. हे त्यांचं डोकं!

९ जुलै २०२४

तीन दिवस पाऊस थांबलेला नाही, रस्त्यावर गुडघाभर पाणी, मुकादम होडीनं यायला हवा होता असं म्हणत पोचला. खड्ड्याचा तळ कोरडा. तो ४५ सेंटिमीटरवर आणला हे बरं झालं, बाहेरच्या तपासणी-खड्ड्यात पाणी फरशीच्या ७० सेंटिमीटर खाली उभं आहे.

१६ जुलै २०२४

पश्चिमेची भिंत गेली. मायक्रोसिमेंटला आधी फुगे, मग ताटाएवढे पोपडे. मागे मिठाचे खडे, साखरेसारखे. मिठाला बाहेर यायला वाट नाही मिळाली, त्यानं आतून ढकललं. चुन्याच्या भिंतींवरही लोणा आहे, पण तिथं तो पृष्ठभागावर येऊन बसतो, कुंच्यानं झाडता येतो, गिलावा फारसा दुखत नाही.

"मी सांगितलं होतं" हे वाक्य तोंडाशी आलं होतं. बाई आल्या, पोपडा हातात घेऊन बघत राहिल्या, म्हणाल्या, "काढून टाका सगळं." वाक्य गिळलं.

दुपारी खड्ड्याच्या कडेला बसून ठरवलं ते असं. सगळ्या भिंतींना जमिनीपासून दीड मीटर वेगळा पट्टा: पातळ, भुसभुशीत चुन्याचा गिलावा, जो खराब होण्यासाठीच आहे. मीठ त्यात येईल, पाच-सात वर्षांनी तो पट्टा खरवडून नवा करायचा. वरची भिंत वाचेल. भिंतीला लागून सोफे नाहीत, एक हात मोकळा. हाउसकीपिंगनं आठवड्याला सुकं झाडायचं. ओल्या फडक्यानं पुसायचं नाही, पुसलं की मीठ परत आत. हे शेवटचं मी तीनदा लिहून घेतलंय.

मालकांनी विचारलं, मीठ कधी संपेल? म्हटलं, तुमच्या नातवाला विचारावं लागेल.

४ सप्टेंबर २०२४

उद्यापासून चवथीची सुट्टी. आजच फायरवाल्यांची पाहणी उरकली. माळ्यावरून दुसरा जिना, दारं बाहेर उघडणारी, ठीक. एक शेरा: जिन्यातली कुंडी हलवा. काकांकडे माटोळीला (गणपतीवर फळं-भाज्या टांगतात त्या चौकटीला) लागणाऱ्या आंबाड्यांची पिशवी दिली, त्यांनी उलट नारळ दिले.

२१ ऑक्टोबर २०२४

हस्तांतर सुरू. १४ खोल्या तयार, दोन नळ उलटे (गरम तिथं गार). बर्फाचं मशीन आलंय, पण त्याला लागणारी पाण्याची जाळी नाही आली, म्हणून चाचणीच्या रात्री मालीमहून दोन लाद्या मागवल्या. काकांनी उजेडात धरून पोट बघितलं. पांढरं. लादी आणणाऱ्या पोराला त्यांनी कंप्रेसरपाशी उभं करून वीस मिनिटं समजावलं. पोरगा घड्याळ बघत होता.

जुनी पाटी लागली. अर्धी अक्षरं. बाईंनीच लावून घेतली.

काकांचं काय, हा प्रश्न मी यादीत घातला होता. मालकांनी त्यांना मेंबरशिप देऊ केली, फुकट. काका म्हणाले, आत बसून काय करू, मला बाहेरून बघायची सवय. त्याऐवजी महिन्यातून दोनदा भिंतींवरच्या मिठाची पाहणी आणि त्याचे पैसे, असं लिहून घेतलं. रक्कम मी ठरवली तिच्यापेक्षा त्यांनी शंभर रुपये वाढवून मागितले.

४ नोव्हेंबर २०२४

पट्टा झाडला, चारही भिंती. मीठ डब्यात गोळा करून वजन केलं: ३१० ग्रॅम. मागच्या सोमवारी ३५०. उत्तरेच्या कोपऱ्यात खिडकीखाली जास्त, बाहेरचं पन्हळ बघायला हवं. पुढची झाडलोट ११ तारखेला. हाउसकीपिंगच्या नव्या मुलीच्या हातात ओलं फडकं होतं, काढून घेतलं.